बाहेरगावाहून आलेली माणसे आणि सहभागाची घरे: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहभागी घरबांधणी म्हणजे नेमके काय? फ्लॅट घेऊन नंतर सोसायटी तर आपण करतोच.

फरक आधी-नंतरचा आहे. नेहमीच्या पद्धतीत इमारत आधी उभी राहते, माणसे नंतर येतात आणि त्यांची पहिली ओळख पार्किंगच्या भांडणात होते. इथे माणसे आधी जमतात. जागा कुठे घ्यायची, मोरी कुठल्या कोपऱ्यात, टाकी केवढी, हप्ता किती, कोणाला तो झेपणार नाही आणि त्याचे काय करायचे, हे ठरल्यावरच पाया खणला जातो. घर उभे राहीपर्यंत बैठकांमध्ये दीड-दोन वर्षे सहज जातात. बिल्डरला हा वेळ वाया गेलेला वाटतो. स्थलांतरिताच्या दृष्टीने सगळी कमाई त्यातच आहे.

घराचा आणि रुजण्याचा संबंध काय? हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळाले की माणूस रुळतोच.

रुळतो, पण अर्धाच. बिहार किंवा ओडिशातून यंत्रमागावर आलेला कामगार आठ-आठ वर्षे सोलापुरात राहतो. त्याला कारखाना, खोली, किराणा दुकान आणि रेल्वे स्टेशन माहीत असते. ‘हा आमचा माणूस आहे’ असे सांगणारा स्थानिक मात्र एकही नसतो. दवाखान्यात भरती व्हायचे, मुलाला शाळेत घालायचे, खोली बदलायची म्हटले की हीच गोष्ट आडवी येते. शेजारी नुसते राहून ओळख वाढत नाही. एका टाकीचे पाणी वाटताना आणि एका वहीतला हिशोब तपासताना ती वाढते. सहभागी घरबांधणीत असे प्रसंग मुद्दाम आणावे लागत नाहीत, ते रोज समोर उभे असतात.

पण सोलापुरात स्थलांतरित म्हणायचे कोणाला? अर्धे शहर बाहेरूनच आले आहे.

बरोबर आहे, आणि हे कबूल करूनच सुरुवात करावी. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्या काळापासून तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले आणि शहराचा पूर्व भाग त्यांनी वसवला. कन्नड आणि दखनी (इथली उर्दू) बोलणारे तर आधीपासूनच आहेत. पूर्व भागात आजही घरात तेलुगू, बाजारात मराठी चालते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, संक्रांतीला सगळे सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्यावर जातात. एका समाजाची वस्ती एकत्र असली म्हणजे तो शहरापासून तुटला, असे समजायचे कारण नाही. रुजणे म्हणजे आपली भाषा सोडणेही नव्हे. या प्रश्नोत्तरांत ‘स्थलांतरित’ हा शब्द मुख्यतः गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्यांसाठी वापरला आहे: उत्तर भारतातले यंत्रमाग आणि बांधकाम कामगार, कलबुर्गी-विजयपुराकडची आणि मराठवाड्यातली दुष्काळाने निघालेली कुटुंबे.

सोलापुरात असे काही झाले आहे का?

झाले आहे, तेही देशात क्वचितच दिसेल एवढ्या आकाराचे. शहराबाहेरच्या कुंभारी गावात महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाच्या या वसाहतीतल्या घरांचे हस्तांतरण २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगार संघटनेने त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले. त्यातल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

इथून दोन धडे घ्यावेत. सभासद गोळा करणे, मागणी लावून धरणे, सरकारकडून वाटा मिळवणे हे सारे संघटनेच्या ताकदीवर होते, तिथे सोलापूरला शिकवायची गरज नाही. पण घरांचा आकडा हजारांत गेला की प्रत्येक घराच्या आराखड्यावर चर्चा होऊ शकत नाही. शिवाय वसाहत शहराबाहेर गेली की कामाचे ठिकाण आणि घर यांत बसचे तिकीट येते. ज्याची पाळी रात्री संपते त्याच्यासाठी शेवटची सिटी बस किती वाजता सुटते, हा प्रश्न स्वयंपाकघराच्या मापाएवढाच मोठा आहे. तो जागा घेण्यापूर्वी विचारायचा.

बाहेर कुठे स्थलांतरितांना धरून हे केले गेले?

ॲम्स्टरडॅममध्ये २०१६ मध्ये ‘स्टार्टब्लॉक रीकरहाव्हन’ सुरू झाले. तिथे ५६५ घरे, निम्मे भाडेकरू आश्रय मिळालेले तरुण, निम्मे डच तरुण, आणि रोजचा कारभार रहिवाशांकडे. ब्रसेल्सच्या मोलेनबेक भागात ‘लेस्पवार’ नावाची इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. चौदा कमी उत्पन्नाची कुटुंबे, बरीचशी बाहेरून आलेली, आराखड्यापासून सहभागी होती. उरुग्वेत १९६८ च्या कायद्यापासून परस्पर मदतीच्या गृहनिर्माण संस्था आहेत आणि तिथे दर कुटुंबाला आठवड्याला साधारण २१ तास श्रमदान करावे लागते. जवळचे उदाहरण पुण्याच्या येरवड्याचे. तिथे झोपडपट्टी न हलवता जुन्या जागीच घरे बांधली आणि रहिवाशांनी, विशेषतः महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचत संघटनेने, आराखड्यात भाग घेतला.

यांतले काही जसेच्या तसे उचलू नये. २१ तासांचे श्रमदान बारा तासांच्या पाळीवाल्याला सांगून पाहा, दुसऱ्या बैठकीला येणार नाही.

गट केवढा असावा आणि त्यात कोण किती?

वीस ते तीस कुटुंबे. दहा-बारापेक्षा कमी असली तर दोघांनी हप्ता थकवला की काम थांबते. चाळीसच्या पुढे गेले की बैठकीत पाचच जण बोलतात. नवीन आलेल्यांचा वाटा एक तृतीयांशाखाली ठेवू नका. चोवीस घरांत दोनच बिहारी कुटुंबे असली तर ती पाहुण्यासारखी वागतात, गप्प बसतात आणि पुढे घर भाड्याने देऊन निघून जातात. घरे चिठ्ठी टाकून वाटावीत. पण दोन कुटुंबांना ‘आम्हाला शेजारी ठेवा’ असे म्हणता यावे. बाळंतपणात हाक मारायला आपल्या भाषेचे एक दार लागतेच.

चार भाषांत बैठक कशी चालवायची?

सावकाश. कामकाज मराठीत चालवा, इतिवृत्त मराठीत लिहा. पैशाचा, तारखेचा आणि दंडाचा प्रत्येक ठराव मात्र हिंदी, तेलुगू आणि कन्नडमध्ये तोंडी सांगितल्याशिवाय मताला टाकू नका. सांगणारा बैठकीतलाच असावा, दर वेळी वेगळा. एकच दुभाषी कायम राहिला की वर्षभरात तो पुढारी होतो आणि त्याच्या भाषेची सगळी मते त्याच्या खिशात जातात. हा धोका खरा आहे, विनोद नव्हे. लेखी नोटिशीबरोबर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा, कारण बऱ्याच जणांना मराठी कळते पण वाचता येत नाही. समजले का, असे विचारू नका, सगळे मान डोलावतात. ‘हप्ता चुकला तर काय होईल, तुम्ही सांगा’ असे विचारा.

नकाशा वास्तुविशारदच करणार ना? आमचा सहभाग कुठे?

कागदावरचा नकाशा फार थोड्यांना वाचता येतो. म्हणून मोकळ्या मैदानावर फक्कीने पूर्ण मापाचे घर आखा. ३० चौरस मीटर चटई क्षेत्र म्हणजे साधारण ५ मीटर गुणिले ६ मीटर, जवळपास ३२३ चौरस फूट. दारे विटा ठेवून दाखवा, भिंतींच्या जागी बांबूला जुन्या चादरी बांधा, त्या इथे कमी नाहीत. मग घरातल्या बाईला आत बोलवा: अक्का, शेगडी कुठे, हंडा कुठे, रात्री किती जण झोपतात?

विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते. तिला दाराजवळ उजेडाची साधारण चार बाय चार फुटांची जागा हवी. आराखड्यात ती नसली की ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसते आणि तंबाखूची धूळ भातात जाते. तेंदूची पाने भिजवायला मोरीजवळ कोपरा लागतो. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, त्याला रस्त्यापासून लांबची, अंधार होणारी खोली हवी. सोलापूरचा उन्हाळा पाहता पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको आणि समोरासमोर दोन झरोके हवेतच. चादरीची भिंत दोन फूट सरकवायला पाच मिनिटे लागतात, विटांची सरकवायला दहा हजार रुपयेही पुरत नाहीत.

ही आखणी सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या आत करा. दुपारी मैदानात कोणी थांबत नाही.

श्रमदान कोणते घ्यावे?

आठवड्याला चार तासांवर जाऊ नका, आणि कामे नीट निवडा. विटा उतरवून रचणे, भरावाला पाणी मारणे, सिमेंटच्या गोण्या मोजून नोंद ठेवणे आणि क्युरिंग, म्हणजे नवे बांधकाम ओले ठेवणे, ही सभासदांची कामे. लोखंड बांधणी, सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा) आणि स्लॅब मिस्त्रीकडेच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसी (राख मिसळलेले सिमेंट) असेल तर दहा दिवस पाणी लागते. एप्रिल-मे मध्ये पोती ओली ठेवून दिवसातून तीन-चार वेळा मारावे लागते. मजूर हेच काम टाळतात आणि स्लॅबला तडे इथूनच जातात. घर आपले असेल तर माणूस पाळीवरून येताना पाइप धरतो. एका जोडीत एक जुना रहिवासी, एक नवा ठेवा. काळी माती असेल तर पाया कठीण मुरुमापर्यंत गेला का, हे खड्ड्यात उतरून बघण्याचे कामही सभासदांच्या जोडीला द्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत फाडते.

पाण्यावरून भांडणे होणारच. त्याचे काय?

होतील, म्हणून टाकीचा हिशोब आधी करा. शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. चोवीस घरे, घरी सरासरी पाच माणसे, माणशी दिवसाला काटकसरीचे ७० लिटर आणि चार दिवसांचा साठा धरला तर ३३,६०० लिटर होतात. म्हणजे ४ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद आणि २ मीटर पाण्याची खोली असलेली जमिनीखालची टाकी, वर एक फूट मोकळा. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी १३५ लिटरचे आहे, त्या हिशोबाने साठा जवळजवळ दुप्पट लागेल. बहुतेक गट इथे पैसे वाचवतात आणि पहिल्याच मार्चमध्ये टँकर मागवतात.

वर्गणी घरामागे घेऊ नका, माणशी घ्या. एका खोलीत सहा एकटे कामगार राहत असतील आणि शेजारी दोघे म्हातारे, तर सारखी वर्गणी म्हणजे म्हाताऱ्यांना दंड. आणि मग ‘हे बाहेरचे लोक पाणी उडवतात’ हे वाक्य सुरू होते. भांडण लिटरचे असते, नाव प्रांताचे लागते. व्हॉल्व्हची चावी महिन्यागणिक वेगळ्या घराकडे फिरवा. त्या महिन्यात चावीवाल्याला सगळ्यांची नावे पाठ होतात, कारण सगळेच त्याचे दार वाजवतात.

जागा घेताना सर्वांत मोठी फसगत कोणती?

गुंठेवारीचा तुकडा. शहराच्या कडेला शेतजमिनीचे एक-दोन गुंठे नोटरीच्या कागदावर विकले जातात आणि मराठी न वाचणारा माणूस हमखास तिथे सापडतो. पुढे बांधकाम परवाना नाही, बँकेचे कर्ज नाही, सरकारी अनुदान नाही. ताजा सातबारा, अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन हे तिन्ही पाहिल्याशिवाय इसाराही देऊ नये. जुन्या गुंठेवारी भूखंडांच्या नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू झाली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला ‘होऊन जाईल’ असे कोणी म्हणाले तर उठून या.

पैसे कसे उभे करायचे?

आधी सवय, मग कर्ज. गट जमला की आठवड्याला ठरावीक बचत सुरू करा, शंभर रुपये असली तरी चालेल, पण खंड नको. वर्षभराची नियमित नोंद बँकेपुढे पगाराच्या चिठ्ठीइतकी नाही, तरी बरीच उपयोगी पडते. मागावरच्या कामगाराकडे चिठ्ठी नसतेच. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून संस्थेचे नाव राखून घ्या, प्रस्तावित संस्थेच्या नावाने बँकखाते उघडायची परवानगी घ्या आणि पैसा त्याच खात्यात ठेवा. मुख्य प्रवर्तकाच्या (संस्था नोंदवेपर्यंत गटाच्या प्रमुखाच्या) घरच्या कपाटात ठेवलेला पैसा हे गट फुटण्याचे पहिले कारण.

पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे घरामागे अडीच लाख मिळतात. अट अशी की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. स्थलांतरितांचे अर्ज इथेच अडकतात. गावी वडिलांच्या नावाचे घर आणि स्वतःच्या नावाचे घर यांत फरक आहे. तो कागदाने आधीच स्पष्ट करून ठेवा. गावाकडे ग्रामीण योजनेतून स्वतःच्या नावे घर घेतले असेल तर लपवू नका. आधारमुळे ते उघडे पडते आणि सगळ्या गटाची यादी लांबणीवर पडते.

घर बायकोच्या नावे करावे का?

करावे. अनुदानाच्या नियमांतही घर महिलेच्या किंवा दोघांच्या नावे असणे अपेक्षित आहे. फक्त महिलेच्या नावे खरेदी असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा काम शोधत सुरत-भिवंडीला गेला तरी घर आणि मुलांची शाळा जागेवर राहते.

घर विकत घेणे ज्याला शक्यच नाही, त्या भाडेकरूचे काय?

नव्याने आलेल्यांत तेच जास्त असतात, आणि सहभागाच्या बहुतेक योजना त्यांना विसरतात. चोवीसपैकी चार-पाच घरे संस्थेच्या मालकीची ठेवून भाड्याने द्यावीत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घर देणाऱ्याची आहे. नोंदवलेला करार हा भाडेकरूचा पत्त्याचा पुरावा असतो, त्यामुळे अकरा महिन्यांच्या तोंडी बोलीवर त्याला ठेवणे म्हणजे त्याला बिनपत्त्याचे ठेवणे.

भाडेकरू फार तर नाममात्र सभासद होतो, सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. यावर तोड अशी: दर महिन्याला सगळ्या रहिवाशांची सभा घ्या. पाणी, सफाई, जिना, सण यांचे निर्णय तिथे व्हावेत आणि कार्यकारी समितीने ते मान्य करावेत. कायद्याची सभा कायद्यासाठी, ही सभा राहण्यासाठी.

‘अमुक समाजाचेच सभासद’ अशी संस्था काढता येते का?

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सहकार कायद्याखालच्या एका पारशी संस्थेचा तसा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) ग्राह्य धरला होता. त्यामुळे वाद संपलेला नाही. पण प्रस्तुत हेतूसाठी ती वाटच नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर निबंधकांकडे अपील करता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही.

मुलांची शाळा आणि रेशन?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. महापालिकेच्या मराठीशिवाय उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत. हिंदी घरातल्या मुलाला मात्र पहिलीतच मराठी ऐकू येऊ दे, मुले सहा महिन्यांत शिकतात आणि आईबापांना शिकवतात. रेशनसाठी गावचे कार्ड रद्द करायची घाई नको. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे त्याच कार्डावर आधारच्या ठशाने इथल्या दुकानातून धान्य मिळते. काही धान्य गावी, काही इथे, असेही चालते.

मतदार यादीत पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८ भरा. पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर नमुना ६. हे काम घराचा ताबा मिळाल्यावर एकत्र, एकाच रविवारी उरकावे.

वर्षाला काय काय विसरू नये?

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) ०.२५ टक्के दरवर्षी. आठ लाखांच्या घराला हे वर्षाचे आठ हजार होतात, महिन्याला साधारण ६६७ रुपये. हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितला की फसवल्यासारखे वाटते.

एखादे कुटुंब मध्येच गावी परत गेले तर?

जाणारच, दोन-तीन तरी. म्हणून नियम आधी लिहा: बांधकामाआधी गेला तर बचत पूर्ण परत, तीस ते नव्वद दिवसांत. बांधकाम चालू असताना गेला तर प्रतीक्षा यादीतला माणूस पैसे भरेपर्यंत थांबावे लागेल. प्रतीक्षा यादीत कायम पाच-सहा कुटुंबे असावीत आणि त्यांनीही बैठकांना यावे. घर मिळाल्यावर कोणी भाड्याने दिले तर संस्थेला बिनवास शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घेता येते, पण सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. विकले तर घर दुसऱ्याच्या नावे करण्याचे हस्तांतरण अधिमूल्य पंचवीस हजारांवर घेता येत नाही. सरकारी अनुदानाचे घर असेल तर विक्रीवरचे निर्बंध वेगळे, ते ताबापत्रात वाचा.

आणि नामनिर्देशनाचा अर्ज ताबा मिळाल्याच्या दिवशीच भरून घ्या. त्यावर गावच्या भावाचे नाव असेल तर तो फक्त विश्वस्त राहतो, वारस वेगळा ठरतो, हे सगळ्या भाषांत समजावून सांगा. नाहीतर माणूस इथे वारतो आणि त्याची बायको, मुले सोलापुरात कुलूप पाहत उभी राहतात.